भाग ३८ : चक्कीवर ऐकलेला रॉक

(या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, अडखळणं तेवढं काढलंय.)

 

आज आवाज जरा वेगळा येत असेल. नेहमीच्या खोलीत नाहीये मी, गावी आलोय. गाव म्हणजे चिखला, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. मागे कोंबडा ओरडला, एखादा ट्रक गेला, तर सांभाळून घ्या. गाव मँगनीजच्या खाणीसाठी ओळखलं जातं. आमची खाण जमिनीखालची, आणि शेजारच्या डोंगरी बुजुर्गची उघडी. त्यामुळे ट्रक काही थांबायचे नाहीत. (हसतो)

गेल्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. त्यांनी लिहिलंय, "तुम्ही या इंग्रजी रॉक बँडच्या अल्बमबद्दल एवढं भरभरून बोलता, पण खरं सांगा, शाळेत असताना तुम्हाला त्यातलं काय कळत होतं? शब्दच कळत नाहीत, मग ऐकायचं काय?"

प्रश्न वाचला आणि मला हसूच आलं. कारण हाच प्रश्न मला १९९३ साली याच घरात, याच ओसरीवर विचारला गेला होता. विचारणारे माझे बाबा होते. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आज देतो. जरा लांबेल, पण शेवटपर्यंत ऐका.

तर, आमची पिठाची चक्की होती. बाजूला धानाचं हलर. भंडारा जिल्हा धानाचा, म्हणून हलर तर पाहिजेच, आणि खाणीच्या वसाहतीत बाहेरून आलेली गव्हाची पोळी खाणारी माणसं भरपूर, म्हणून चक्कीही चालायची. सकाळी सातला मोटर सुरू व्हायची ती दुपारच्या जेवणाला थांबायची, मग परत संध्याकाळपर्यंत. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. पट्ट्याची फटफट, दगडाची घरघर, आणि या सगळ्याच्या वर एक बारीक किंचाळी असते, ती डोक्यात बसते. चक्कीवर माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, हात करतात. किती पायली, बारीक की जाडं, सगळं हातानं.

१९९३ च्या दिवाळीत माझा मामेभाऊ नागपूरहून आला. तो तिथे होस्टेलला शिकत होता. त्याच्या पिशवीत चार-पाच कॅसेटी होत्या, त्यातली एक त्यानं मला देऊन टाकली. फार ऐकून झाली होती त्याची. बँडचं नाव रॉक मशीन. अल्बमचं नाव 'द सेकंड कमिंग'. मी नववीत होतो. इंग्रजीत पास व्हायचो, एवढंच.

आता ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो.

रॉक मशीन हा मुंबईचा बँड. १९८४ साली सुरू झाला. तेव्हा आपल्याकडे रॉक वाजवणारी पोरं बहुतेक विलायती बँडची गाणी वाजवायची. कॉलेजचे महोत्सव असायचे, धोबी तलावाजवळचं रंगभवन होतं, १९८६ पासून तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा मेळा भरायला लागला. आणि समोरच्या गर्दीला ओळखीची गाणी हवी असायची. तुम्ही तुमचं स्वतःचं गाणं सुरू केलं की खालून आरडाओरडा. अशा दिवसांत या मंडळींनी ठरवलं की आपण आपलीच गाणी करायची. १९८८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, 'रॉक अँड रोल रेनिगेड'. सगळी गाणी स्वतःची. १९९० मध्ये दुसरा, 'द सेकंड कमिंग', म्हणजे माझ्या हातात आलेली कॅसेट.

बँडमधली नावं ऐका. गायक उदय बेनेगल. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी. की-बोर्डवर झुबिन बालापोरिया. बेस गिटारवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस. कॅसेटच्या कागदावर ही नावं बघून मी चाट पडलो होतो. मला वाटायचं असलं संगीत करणारी माणसं सोनेरी केसांची, विमानातून उतरणारी. आणि इथे तिनईकर, गांधी! ही माणसं आपल्याच राज्यात, आपल्यासारखीच लोकलची वाट बघत असतील. तुम्हाला हे आज क्षुल्लक वाटेल. चिखल्यातल्या नववीतल्या पोराला ते क्षुल्लक नव्हतं.

पण नावं काय, ती एकदा वाचून होतात. कॅसेट मात्र मी शंभरदा ऐकली असेल. ती का, हे सांगतो.

आपलं भावगीत घ्या, सिनेमाचं गाणं घ्या. धृपद आधी येतं. गाण्याचा सगळ्यात गोड भाग पहिल्या ओळीतच हातात पडतो. मग अंतरा दूर फिरून येतो आणि परत धृपदाच्या दाराशी सोडतो. कीर्तनातही तसंच. मुख्य गोष्ट आधी सांगितली, मग तिच्याभोवती फिरलो.

मेलोडिक रॉकमध्ये बहुतेक वेळा उलटं असतं. सुरुवात होते ती आपल्या अंतऱ्यासारख्या भागानं. गायक खालच्या पट्टीत, बोलल्यासारखं काहीतरी सांगतो. मग मधे एक छोटा जिना लागतो. सूर वर वर जायला लागतात, ड्रम जरा दाटतो, आणि तुम्हाला कळतं की आता काहीतरी येणार आहे. आणि मग तो कोरस येतो. एका गायकाच्या जागी चार-पाच आवाज एकदम, एकमेकांवर रचलेले, आणि मागे गिटारींची भिंत. म्हणजे धृपद आहे, पण ते कमवावं लागतं. वाट बघावी लागते.

अमेरिकेतल्या जर्नी या बँडचं एक जगभर गाजलेलं गाणं आहे, १९८१ सालचं, 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन'. त्यात तर मुख्य कोरस गाणं संपत आल्यावर पहिल्यांदा येतो. तीन मिनिटं तुम्हाला नुसतं चढवत नेतात. आणि लोक ती तीन मिनिटं आनंदानं चढतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सुराखालची जमीन. आपल्या संगीतात तंबोरा एकच षड्ज धरून असतो, आणि गाणारा त्याच्यावर फिरतो. यांच्याकडे गायक एकच सूर धरून राहतो आणि खालची जमीन सरकते. खाली गिटार आणि की-बोर्ड तीन-चार सुरांचे गुच्छ वाजवतात, त्याला कॉर्ड म्हणतात. कॉर्ड बदलली की वरचा तोच सूर आधी उदास वाटलेला एकदम मोकळा वाटतो. गायकानं काहीच केलेलं नसतं. हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं, पण ऐकू येत होतं. पेटीवर बसून तुम्ही स्वतः करून बघा. एका बोटानं वरचा एक स्वर दाबून धरा आणि बाकीच्या बोटांनी खालचे स्वर बदलत राहा.

आणि तिसरी गोष्ट गिटारचा सोलो. या प्रकारच्या रॉकमध्ये सोलोसुद्धा बरेचदा गुणगुणता येतो. वेग दाखवायला असतो थोडा, नाही म्हणत नाही, पण चांगल्या अल्बममध्ये गिटार गायकाचंच गाणं पुढे म्हणते. बॉस्टन नावाचा एक बँड होता, त्यांचा १९७६ चा पहिला अल्बम नुसत्या अमेरिकेत दीड कोटीच्या वर खपलाय. तो मुख्यतः घडवला टॉम शोल्झ नावाच्या इंजिनिअरनं. नोकरी पोलरॉइड कंपनीत, आणि संध्याकाळी घराच्या तळघरात बसून एकावर एक गिटारी रेकॉर्ड करायचा. त्याच्या गिटारचा प्रत्येक तुकडा लोक तोंडानं म्हणून दाखवतात. शब्द नसलेला भाग! तर मग श्रोत्यांचा प्रश्न, शब्द कळत नाहीत तर ऐकायचं काय, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. चांगला मेलोडिक रॉक अल्बम शब्दांच्या आधी तुम्हाला घरात घेतो. शब्द नंतर येऊन बसतात.

आता उरलेलं अर्धं उत्तर. ते बाबांचं आहे.

माझ्याकडे एक छोटा टेप होता, सेलवर चालणारा. सेल म्हटलं की एक गंमत सांगायला हवी. तेव्हाच्या साध्या सेलमध्ये जी काळी भुकटी असते, त्यात मँगनीज डायऑक्साइड असतं. आणि आमच्या शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड सेल बनवणाऱ्या कारखान्यांना जातं. आम्ही पोरं जुने सेल फोडून मधली काळी कांडी काढायचो आणि भिंतीवर लिहायचो. हात काळे व्हायचे. आपल्याच भागातली माती जगभर फिरून परत आपल्याच हाताला लागतेय, हे कळायला मला पुढे रसायनशास्त्राचा तास लागला.

तर टेप मी चक्कीवर घेऊन बसायचो. शाळेतून आलं की चक्कीवर मदत करायची हा घरचा नियम होता. चक्की सुरू असताना टेप लावून उपयोग नव्हता, काही ऐकूच येत नव्हतं. पण आमच्याकडे लाईन जायची. रोज जायची. लाईन गेली की मोटर बंद, आणि चक्कीवर एकदम शांत. ती शांतता कानात वाजायची. दळण टाकायला आलेल्या बाया डबे घेऊन ओसरीवर बसायच्या, लाईन येण्याची वाट बघत. आणि मी टेप सुरू करायचो.

बायांची करमणूक व्हायची. एक म्हातारी म्हणायची, "हा कोन्या देवाचं म्हणून राह्यला?" आई हसायची. बाबा पोतं शिवत बसायचे. ते काही बोलायचे नाहीत.

एक दिवस बोलले. त्यांनी विचारलं, "काय म्हणून राह्यला तो?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"समजते का तुला काही?"

"नाही."

"मंग आयकतेस काहून?"

मी गप्प. बाबा पुढे काही बोलले नाहीत. पण मला त्या प्रश्नाचा राग आला, आणि तो राग पुढे बरीच वर्षं टिकला. मला वाटलं, यांना कळणारच नाही. बाबा भजनी मंडळात होते. शब्दाला फार मान. अभंग म्हणताना कोणी शब्द चुकला तर थांबवून दुरुस्त करायचे. त्यांच्या हिशोबानं ज्या गाण्याचा अर्थ लागत नाही ते गाणं नव्हे, तो आवाज. आणि आवाज त्यांच्याकडे दिवसभर होताच.

त्यातलं एक गाणं मी सारखं लावायचो. 'प्रिटी चाइल्ड'. पुढे मला कळलं की हे गाणं बरंच पुढे गेलंय. १९९३ मध्ये बँडनं नाव बदलून इंडस क्रीड केलं, आणि त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला, आशियातल्या प्रेक्षकांची पसंती म्हणून. आमच्याकडे तेव्हा केबल नव्हती. मी तो व्हिडिओ बऱ्याच वर्षांनी कॉम्प्युटरवर पाहिला. तोवर ते गाणं माझ्यासाठी चक्कीच्या ओसरीचं झालं होतं, गव्हाच्या धुळीचं. व्हिडिओ मला परका वाटला. (हसतो)

आणि सेल उतरत आले की टेप हळू फिरायचा. तुम्हाला आठवत असेल. गायकाचा आवाज जाड व्हायचा, गाणं सुस्त व्हायचं. नवे सेल लगेच मिळत नसत. जुने उन्हात ठेवायचे, दातानं दाबायचे, जागा बदलून घालायचे. त्यामुळे माझी कॅसेट महिन्यातले पंधरा दिवस म्हाताऱ्या आवाजातच वाजायची.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी बारावीनंतर नागपूरला गेलो, नोकरीला लागलो, तिकडेच राहिलो. इंडस क्रीडचा त्याच नावाचा अल्बम १९९५ मध्ये आला आणि दोनेक वर्षांत बँड थांबला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे 'आम्स फॉर शांती' नावानं काम केलं. मलाही वाटलं, संपलं. आपल्या तरुणपणीचे बँड संपतात, तसा हाही.

पण २०१० मध्ये बँड परत उभा राहिला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया जुने, बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे. २०१२ मध्ये अल्बम आला, 'इव्हॉल्व'. म्हणजे १९९५ नंतर सतरा वर्षांनी. त्याचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं. हे तेच, ज्यांनी पर्ल जॅम या बँडचा १९९१ चा 'टेन' मिक्स केला होता.

मिक्सिंग म्हणजे काय, हे विचारणारे बरेच असतात, तर एका वाक्यात सांगतो. प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज वेगळा रेकॉर्ड झालेला असतो. कोणाला पुढे बसवायचं, कोणाला मागे, कोणाला डावीकडे, हे ठरवणं म्हणजे मिक्सिंग. पंगत बसवण्यासारखं आहे. माणसं तीच असतात, पण बसवणारा चुकला तर भांडणं होतात.

'इव्हॉल्व' मला का आवडला? कारण त्यात तरुण दिसायचा प्रयत्न नाही. जुन्या कॅसेटमध्ये जोर होता, थोडा दिखावाही होता, त्या वयात असतोच. इथे गाणी जरा लांब, गुंतलेली, घाई न करणारी. पण त्या गुंत्यातही गायकाचा सूर हात सोडत नाही. 'फायरफ्लाइज' ऐका, म्हणजे काजवे. 'डिझॉल्व्ह' ऐका. 'टेक इट हार्डर' ऐका. वाद्यं कुठेही गेली तरी तुम्हाला गुणगुणायला काहीतरी उरतं. पन्नाशीकडे आलेल्या माणसांनी केलेलं काम आहे आणि ते तसंच ऐकू येतं. मला ते फार बरं वाटलं.

आता परत बाबा.

साधारण २०१५ पासून आमच्या लक्षात यायला लागलं की बाबांना ऐकू कमी येतंय. आधी वाटलं दुर्लक्ष करतात. आई म्हणायची, "ह्यायला पायजे तेवढंच आयकू येते." मग त्यांनी भजनाला जाणं बंद केलं. कारण विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचे. खरं कारण पुढे कळलं. त्यांना शब्द ऐकू येत नव्हते. दुसऱ्याच्या शब्दाला दुरुस्त करणारा माणूस, आता स्वतःच चुकीच्या जागी टाळ वाजवायला लागला होता. ते त्यांना सहन होईना.

नागपूरला कानाची तपासणी केली. तपासणाऱ्या बाईंनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे रेघ ठीक होती, उजवीकडे एकदम दरीत कोसळलेली. त्या म्हणाल्या, मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांची रेघ अशीच असते. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या मरतात आणि परत येत नाहीत. आधी जातात त्या उंच आवाजाच्या, चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या. आणि आपल्या बोलण्यातली स, श, फ, त, ट, ख ही अक्षरं त्याच उंच भागावर उभी असतात. स्वर खाली असतात, अ, आ, ओ. म्हणजे तुम्ही 'साखर' म्हणालात तर यांच्यापर्यंत पोचतं 'आ-अ-र' असं काहीतरी. बाबांना आवाज येत होता, शब्द येत नव्हता.

हे ऐकून मी तिथेच खुर्चीत सुन्न झालो. चक्की आमचीच होती. कोणाला दोष देणार? त्या चक्कीवर माझं शिक्षण झालं. बाबा कानात कापूस घालायचे कधीकधी, त्यानं काय होतंय.

मशीन घ्या म्हटलं, बाबा नाही म्हणाले. कानाचं मशीन म्हणजे म्हातारपण, आणि खर्च. तो विषय दोन वर्षं तसाच राहिला. घरात बोलणं कमी होत गेलं. ओरडून बोलावं लागतं म्हणून महत्त्वाचं तेवढंच बोलायचं. पाणी, औषध, जेवण. मी महिन्यातून एकदा यायचो, शेजारी बसायचो, दोघंही रस्त्याकडे बघत. मला वाटायचं, पस्तीस वर्षांत आपण या माणसाशी नीट बोललोच नाही, आणि आता बोलायला रस्ताही राहिला नाही.

अशाच एका संध्याकाळी, २०१८ चा पावसाळा असेल, मी ओसरीवर ब्लूटूथ स्पीकर लावला होता. माझ्यासाठीच. 'इव्हॉल्व' सुरू होता. बाबा खाटेवर. थोड्या वेळानं पाहतो तर त्यांचा अंगठा खाटेच्या लाकडावर चालला होता. तालात. मी आवाज थोडा वाढवला. ते काही बोलले नाहीत, अंगठा चालूच.

मग अल्बम संपला. आणि बाबा गुणगुणायला लागले. मला आधी वाटलं अभंग असेल. पण चाल ओळखीची होती आणि लक्षात येत नव्हती. फार संथ, फार खालच्या पट्टीत. दोन-तीन वेळा म्हणून झाल्यावर मला कळलं. 'प्रिटी चाइल्ड'.

मी चक्रावलो. त्या संध्याकाळी ते गाणं मी लावलंच नव्हतं, ते जुन्या कॅसेटमधलं. त्यांना बहुतेक गायकाचा आवाज ओळखू आला असावा. आणि ते इतकं संथ, इतकं खाली का म्हणत होते? कारण त्यांनी ते तसंच ऐकलं होतं. उतरलेल्या सेलवर. पंचवीस वर्षं त्यांच्या डोक्यात माझ्या कॅसेटचा म्हातारा आवाज जसाच्या तसा बसला होता.

मी जवळ जाऊन कानाशी विचारलं, "हे कुठलं?"

म्हणाले, "तुझंच हाय ना ते. लाईन गेल्यावरचं."

मंडळी, हे त्या गाण्याचं नाव आहे आमच्या घरात. लाईन गेल्यावरचं.

मी विचारलं, "तुम्ही तर म्हणायचे, शब्द समजत नाही तर ऐकायचं काहून?"

बाबा म्हणाले, "आता मले तुकारामाचेही समजत नाही. चाल समजते."

पुढे फार काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी मला त्यांचा १९९३ चा प्रश्न वेगळा ऐकू आला. मी तो टोमणा समजलो होतो. कदाचित तो खरोखरचा प्रश्न होता. दिवसभर दगडाचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला खरंच जाणून घ्यायचं होतं की पोराला यात काय मिळतं. मला सांगता आलं नाही, म्हणून त्यांनी पोतं शिवता शिवता स्वतःच ऐकून घेतलं.

आता यामागे जादू नाही, कारण सांगतो. गाणाऱ्या पुरुषाच्या आवाजाचे मूळ सूर साधारण शंभर ते पाचशे हर्ट्झमध्ये फिरतात. गिटारची सगळ्यात खालची तार सुमारे ८२ हर्ट्झची. म्हणजे चाल ज्या भागात राहते तो भाग बाबांच्या कानात शाबूत होता. गेले होते ते शब्दांचे काठ आणि झांजेची चमक. ज्या संगीताचा सगळा भार वेगावर किंवा शब्दावर आहे, ते त्यांच्यापर्यंत अर्धं पोचलं असतं. चालीवर उभं असलेलं संगीत जवळजवळ पूर्ण पोचलं. मी नववीत इंग्रजी येत नाही म्हणून शब्दांबाहेर होतो, ते सत्तरीत कान गेले म्हणून. दोघांनाही आत यायला दार एकच मिळालं.

शेवटी मशीन घेतलं. त्यांनीच म्हटलं, भजनाला जातो. दोन महिने सवय व्हायला लागली. घालून पहिल्यांदा मी हाच अल्बम लावला, म्हटलं आता खुश होतील. पाच मिनिटांत त्यांनी मशीन काढून हातावर ठेवलं. म्हणाले, "लय चिरचिर करते. आधीच बरं होतं." (हसतो) ती चिरचिर म्हणजे ड्रमच्या झांजा. त्यांनी त्या कधी ऐकल्याच नव्हत्या ना. त्यामुळे आता आमच्याकडे व्यवस्था अशी आहे : भजनाला मशीन, रॉकला बिनमशीन.

तर श्रोत्यांना माझं उत्तर हे आहे. शब्द कळणं चांगलंच. पुढे मी इंग्रजी शिकलो, गाण्यांचे अर्थ लागले, मजा वाढली. पण अल्बम माझा झाला तो त्याच्या आधी.

या आठवड्यात ऐकायचं असेल तर असं करा. आधी 'प्रिटी चाइल्ड', मग 'इव्हॉल्व' पूर्ण, मधे न थांबता. पहिल्यांदा ऐकताना शब्द शोधू नका, फक्त कोरस यायच्या आधीचा जिना ओळखा. आणि कोणाला तरी शेजारी बसवा. त्यांना आवडतं का विचारू नका, नुसतं ऐकू द्या.

आणि एक कामाची गोष्ट. तुमच्या घरात कोणी चक्की, राईस मिल, थ्रेशर, जनरेटर अशा आवाजात काम करत असेल तर कापसावर भागवू नका. औषधाच्या दुकानात कानाचे बोळे मिळतात, डोक्यावरून घालायचे जाड हेडफोनसारखे मफही मिळतात. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास कानावर पडला की नुकसान सुरू होतं, आणि चक्कीशेजारी उभं राहून समोरच्याशी ओरडून बोलावं लागत असेल तर तुम्ही बहुधा त्याच्या वर आहात. घरातलं माणूस "पाहिजे तेवढंच ऐकतं" असं वाटायला लागलं तर भांडू नका, कान तपासून आणा. आम्ही दोन-तीन वर्षं उशीर केला.

आज एवढंच. बाबा आतून हाक मारतायत, जेवायला बसायचंय. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.